पिंपरीचे पेनिसिलीन

पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि वर्षभरात तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. यंत्रसामग्रीला युनिसेफचे आणि तंत्रज्ञानाला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. तोवर या औषधासाठी देशाची भिस्त परदेशी मालावर होती.

इथे आलेली पद्धत युद्धकाळात अमेरिकेत घडली. आधी पेनिसिलीन देणारी बुरशी उथळ भांड्यांत, द्रवाच्या पृष्ठभागावर वाढवत आणि हाती थेंबभर औषध येई. पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत 1941 पासून झालेल्या कामाने चित्र पालटले. मक्याचा स्टार्च काढताना उरणारे भिजवणीचे पाणी बुरशीला मानवले. 1943 साली एका बुरसटलेल्या खरबुजावर सापडलेली पेनिसिलियम क्रायसोजेनम खोल टाकीतही जोमाने वाढू लागली.

टाकीतल्या बुरशीला निर्जंतुक हवा अखंड लागते. एखादा परका जिवाणू आत शिरला आणि त्याने पेनिसिलीन फोडणारे विकर सोडले, तर सगळा घाणा वाया जातो. काही दिवसांनी द्रव गाळून बुरशी वेगळी काढतात. औषध उरते ते गाळलेल्या द्रवात, तेही अत्यल्प. खरी कसोटी इथून पुढे. द्रव आम्लधर्मी केला की पेनिसिलीन पाणी सोडून ब्यूटिल ॲसिटेटसारख्या द्रावकात उतरते. पण त्याच आम्लात ते झपाट्याने नासतेही. म्हणून द्रव आधी गार करतात, आम्ल मिसळताच काही मिनिटांत द्रावक वेगाने फिरणाऱ्या यंत्रात वेगळा काढतात आणि औषध पुन्हा अल्कधर्मी पाण्यात ओढून घेतात. शेवटी पोटॅशियम किंवा सोडियम क्षाराचे पांढरे स्फटिक मिळतात. पुढे पिंपरीत क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. ते द्रावकात उतरत नाही, त्याला आयन-विनिमय करणारे रेझिन लागते.

पिंपरीने केवळ उसनी विद्या गिरवली नाही, हे आवर्जून सांगायला हवे. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी तिथेच हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचे प्रतिजैविक शोधले. एवढी कमावलेली विद्या देशाने जपायला हवी होती. पण स्वस्त चिनी मालापुढे पेनिसिलीन-जीचे देशी उत्पादन बंद पडत गेले. अखेर 2020 साली ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून केंद्र सरकारला प्रोत्साहन योजना आणावी लागली.