खारकच्छातील गाळ

खारकच्छातील गाळ : वाळूचा दांडा, रोधक बेटे किंवा प्रवाळभित्ती यांमुळे खुल्या समुद्रापासून अंशतः अलग झालेल्या, परंतु एक वा अधिक अरुंद मुखांनी त्याच्याशी जोडलेल्या उथळ जलाशयास खारकच्छ म्हणतात. नद्यांनी आणलेला, किनाऱ्यालगतच्या प्रवाहांनी मुखातून आत लोटलेला, लाटांनी तळ व काठ खरवडून उठवलेला आणि जीवांच्या अवशेषांपासून जागीच तयार झालेला गाळ या जलाशयात साठत असतो. या गाळाची ने-आण मुख्यतः भरती-ओहोटी करते, तर तो साठण्यास किती जागा आहे हे समुद्रपातळी ठरवते. आजची बहुतेक खारकच्छे हिमयुगानंतर झपाट्याने चढलेली समुद्रपातळी सु. ६,००० ते ७,००० वर्षांपूर्वी मंदावल्यानंतर बनलेली आहेत. भूशास्त्रीय दृष्ट्या ती अल्पायुषी असतात. गाळाने भरून त्यांची जमीन होते, किंवा गाळ अपुरा पडल्यास ती समुद्राचाच भाग बनतात.

भरती-ओहोटीचे कार्य : एका भरतीत मुखावाटे आत येणाऱ्या पाण्याच्या घनफळावर मुखाचा आकार अवलंबून असतो, हा संबंध अमेरिकन अभियंते मॉरो ओब्रायन यांनी १९३१ मध्ये मांडला. मुखात प्रवाह सर्वांत वेगवान असल्याने तेथे फक्त जाड वाळू टिकते. आत शिरताच पाणी पसरून मंदावते व वाळूचे पंख्याच्या आकाराचे ढीग बनतात. ओहोटीच्या प्रवाहाने असेच ढीग मुखाबाहेरही बनतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत ही हालचाल वाढते आणि अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीत ती कमी होते. मुखापासून आत जावे तसतशी वाळूची जागा बारीक गाळ व चिकणमाती घेतात.

बारीक कण आतल्या भागातच का राहतात, याचे उत्तर त्यांच्या बसण्याच्या वेगात आहे. ०.०१ मिमी. व्यासाच्या सुट्या कणाला संथ पाण्यात एक मीटर खाली बसण्यास सु. तीन तास लागतात, तर भरती संपून ओहोटी लागेपर्यंतचा संथ काळ त्याहून बराच कमी असतो. खाऱ्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात व त्या लवकर तळ गाठतात. शिवाय भरतीचा प्रवाह मंदावला, तरी कण बसेपर्यंत आणखी आत वाहत जातो. एकदा बसलेला कण पुन्हा उचलण्यास, त्याला तरंगत ठेवण्यास लागतो त्याहून अधिक वेग लागतो आणि ओहोटीला तो वेग येईपर्यंत त्या जागेवरचे पाणी बरेचसे उतरून गेलेले असते. त्यामुळे प्रत्येक भरतीबरोबर कण थोडा थोडा काठाकडे सरकतो. ही क्रिया व्हान स्ट्राटेन व क्यूनेन या डच शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात वाडन समुद्राच्या चिखलमैदानांच्या अभ्यासातून स्पष्ट केली.

भरती नेहमी गाळ आणतेच असे मात्र नाही. उथळ खारकच्छात तळाच्या घर्षणामुळे ओहोटीचे पाणी रेंगाळते, म्हणून भरती अल्पकालीन पण वेगवान, तर ओहोटी दीर्घ व मंद असते. अशा ठिकाणी गाळाची निव्वळ आवक होते. याउलट खोल पाट आणि त्यांभोवती भरतीत बुडणारी विस्तीर्ण मैदाने असल्यास ओहोटीचा प्रवाह प्रबळ ठरून गाळ बाहेर जातो. खारकच्छाचा आकार बदलला, की तीच भरती-ओहोटी पोषक न राहता क्षयकारक होऊ शकते.

समुद्रपातळीवाढीचा परिणाम : हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या मूल्यांकनानुसार जागतिक सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सु. २० सेंमी. वाढली असून २००६ ते २०१८ या काळातील वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिमी. होता. जमीन खचत असेल, तर तेवढी भर पडून स्थानिक म्हणजेच सापेक्ष वाढ अधिक होते. ३.७ मिमी. वाढीला तोंड देण्यासाठी खारकच्छाच्या प्रत्येक चौ. किमी. क्षेत्रावर वर्षाला ३,७०० घ. मी. गाळ साठावा लागतो. तो न मिळाल्यास पाणी खोल होत जाते, घर्षण घटते, मुखातून ये-जा करणारे पाणी वाढते, मुख खरवडले जाऊन रुंदावते आणि त्याबाहेरच्या वाढत्या ढिगांसाठी लागणारी वाळू शेजारच्या पुळणींवरून ओढली जाते. वादळी लाटा वाळूच्या दांड्यावरून वाळू आत फेकतात व दांडा हळूहळू जमिनीकडे सरकतो.

काठावरील खाऱ्या दलदलींमध्ये काही मर्यादेपर्यंत आपोआप भरपाई होते. पातळी वाढल्यास दलदल अधिक वेळ बुडते, वनस्पतींच्या खोडांमुळे पाणी मंदावून अधिक गाळ बसतो आणि मुळांच्या अवशेषांनी जमीन उचलली जाते. वाढीचा वेग गाळाच्या पुरवठ्यापुढे गेला, की वनस्पती बुडून मरतात, उघड्या चिखलावर वाऱ्याच्या लाटा चालून येतात व साठलेला गाळ पुन्हा पाण्यात मिसळून ओहोटीबरोबर निघून जातो.

व्हेनिस : इटलीतील सु. ५५० चौ. किमी. क्षेत्राचे व्हेनिस खारकच्छ हे गाळाच्या जमाखर्चात मानवी हस्तक्षेपाने झालेल्या बदलाचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. लीदो, मालामोक्को व कीओज्जा या तीन मुखांनी ते एड्रिअॅटिक समुद्राशी जोडलेले असून उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत सु. एक मीटरचा फरक पडतो. गाळाने खारकच्छ भरून नौकानयन व संरक्षण धोक्यात येईल, या भीतीने व्हेनिसच्या गणराज्याने पंधराव्या ते सतराव्या शतकांत ब्रेंता, सीले व प्याव्हे या नद्या खारकच्छाबाहेर वळवल्या. त्यानंतर १८३९ ते १९३४ या काळात तिन्ही मुखांशी समुद्रात लांबवर दगडी बांध घातले गेल्याने किनाऱ्यालगतची वाळू आत येणे घटले आणि १९६० च्या दशकात तेलवाहू जहाजांसाठी खोदलेल्या खोल कालव्याने मध्य भागातील प्रवाहच बदलले. विसाव्या शतकाच्या मध्यास उद्योगांसाठी झालेल्या भूजलउपशाने जमीनही खचली. परिणामी १८११ मध्ये सु. १८० चौ. किमी. असलेल्या खाऱ्या दलदली एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ५० चौ. किमी. पेक्षा कमी उरल्या आणि एके काळी भरून जाण्याची धास्ती असलेले खारकच्छ खोल होऊ लागले.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंमी. पर्यंत चढल्यानंतर आखलेल्या योजनेतून ‘मोझे’ ही ७८ उचलत्या दरवाजांची यंत्रणा तिन्ही मुखांवर उभी राहिली व ३ ऑक्टोबर २०२० रोजी ती प्रथम प्रत्यक्ष भरतीविरुद्ध वापरली गेली. दरवाजांमुळे शहर कोरडे राहते; परंतु दलदलींवर वर्षभरात बसणाऱ्या गाळाचा मोठा भाग वादळी उधाणांतच येत असल्याने, दरवाजे वारंवार बंद झाल्यास दलदलींची उंची वाढण्याचे साधन कमी होते.

चिल्का : ओडिशातील चिल्का खारकच्छाची समस्या याच्या उलट होती. महानदीच्या शाखांनी आणलेला गाळ साठत गेला, किनाऱ्यालगतच्या वाळूच्या वहनामुळे मुख ईशान्येकडे सरकले व पाट लांबून उथळ झाला. त्यामुळे भरती आत पोहोचेनाशी होऊन पाण्याची क्षारता व मत्स्योत्पादन घटले आणि गोड्या पाण्यातील तण माजले. सप्टेंबर २००० मध्ये सातपाडाजवळ दांडा कापून नवे मुख उघडल्यावर भरती-ओहोटीचे चलनवलन सुधारले आणि रामसर कराराच्या धोक्यातील पाणथळींच्या नोंदवहीतून चिल्का २००२ मध्ये वगळले गेले.

कोकण व गोवा : मुंबईजवळ उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक सु. ५ मी. पर्यंत जातो. इतक्या जोरदार प्रवाहात वाळूचे लांब, सलग दांडे सहसा टिकत नाहीत. शिवाय येथील किनारा खडकाळ व नदीमुखे बुडालेली असल्याने खारकच्छांऐवजी खाड्या आढळतात. मात्र गाळाचा हाच हिशेब गोव्यातील खाजण जमिनींना लागू पडतो. बांध व झडपांनी भरतीचे पाणी अडवून लागवडीखाली आणलेल्या या जमिनी भरतीच्या पातळीहून सखल आहेत. भरतीबरोबर येणारा गाळ त्यांच्यावर पुरेसा बसत नसल्याने समुद्रपातळी वाढेल तसे त्यांचे रक्षण अधिकाधिक बांधांच्या देखभालीवर अवलंबून राहते.

व्यवस्थापन : नौकामार्गातून उपसलेला गाळ बाहेर न टाकता दलदलींवर व चिखलमैदानांवर पसरणे, दांड्यांना वाळूचा पुरवठा करणे, धरणांमागे अडलेला गाळ नदीवाटे पुढे जाऊ देणे आणि दलदलींना जमिनीकडे सरकण्यास मोकळी जागा ठेवणे हे प्रमुख उपाय होत. केवळ पाणी अडवणारी बांधकामे गाळाची तूट भरून काढत नाहीत. म्हणून मुखाशी संबंधित कोणत्याही कामापूर्वी त्या खारकच्छात गाळाची आवक व जावक किती आहे याचे मोजमाप होणे आवश्यक ठरते.