बार्शी लाईट : अडीच फुटी रुळांवरची पंढरीची वाट

गाडीने पंढरीला गेलेल्याची वारी घडली की नाही, हा वाद मी फडांवर आणि दिंड्यांत लहानपणापासून ऐकत आलो आहे. वाद घालणाऱ्यांना गाडीविषयी बहुधा काहीच ठाऊक नसते. म्हणून संतसज्जनहो, शास्त्रार्थ क्षणभर बाजूला ठेवून त्या गाडीचीच कथा सांगतो. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी छोटी गाडी, जिला आपण सारे ‘बार्शी लाईट’ म्हणत होतो, तिच्या इंजिनाचा धूर ज्यांनी खाल्ला ते आता माझ्यासारखे उतारवयाला लागले आहेत.

अरुंद रुळांचा जन्म डोंगरात झाला. विलायतेत वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे फेस्टिनिऑग येथे १८३६ साली जेमतेम दोन फूट रुंदीचा रूळमार्ग घातला गेला, तो खाणीतला पाटीचा दगड बंदरावर न्यायला. भरलेल्या वाघिणी स्वतःच्या भाराने उतरत आणि रिकाम्या वर ओढायला घोडे. उतरताना ते घोडेही वाघिणीत उभे राहून खाली येत! १८६३ मध्ये त्या चिंचोळ्या वाटेवर वाफेचे इंजिन चालले आणि जगभरच्या इंजिनिअरांचे लक्ष तिकडे गेले.

त्याच १८६३ साली आपल्या बोरघाटातून मोठी गाडी सुरू झाली. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटांचे. तिला डोंगर फोडून, बोगदे पाडून, पूल बांधून वाट करून द्यावी लागली, आणि त्या कामावर हजारो मजूर दगावले. छोटी गाडी डोंगराशी भांडत नाही, ती त्याला वळसा घालते. हे कसे, ते दिंडीतल्या माणसाला चटकन कळेल. चौघांची ओळ वळणावर आली की आतल्याला जागीच पाय हलवावे लागतात आणि बाहेरच्याला धावावे लागते. दोघांचीच ओळ असेल तर ती सहज वळते. गाडीची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, एकाने धावावे आणि दुसऱ्याने थांबावे अशी सोय त्यांना नाही. म्हणून रुळांतले अंतर जितके कमी, तितके वळण आवळता येते. दार्जिलिंगची गाडी १८८१ साली हिमालयात चढली ती दोन फुटी रुळांवर. तिच्या इंजिनापुढे दोन माणसे बसून रुळांवर वाळू टाकत, चाक निसटू नये म्हणून. १९०७ साली नेरळहून माथेरानला गेलेली गाडीही दोन फुटीच. आदमजी पीरभॉय या घराण्याने ती पदरच्या पैशाने बांधली.

आता आपल्या गाडीकडे येऊ. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण मुंबई-सोलापूर मार्ग तिला सुमारे २१ मैल दूर ठेवून कुर्डुवाडीवरून गेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये त्या रेल्वे कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. मुख्य मार्गाला येऊन मिळणाऱ्या स्वस्त, हलक्या फाट्यांचे त्याला वेड लागले. नोकरी सोडून, सरकारदरबारी खेटे घालून, १८९५ साली लंडनमध्ये त्याने बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये गाडी धावू लागली. रूळ अडीच फुटांचे. त्याच्या डोळ्यांपुढे विठोबा नव्हता, कापसाचे गठ्ठे होते, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

पण त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. हलका रूळ म्हणजे स्वस्त रूळ. त्याने घातलेला रूळ एका वाराला अवघा ३० पौंड वजनाचा होता. अशा बारीक रुळावर जड इंजिन घातले तर तो वाकेल आणि हलके घातले तर ते ओढणार काय? कॅलथ्रॉपने नियम केला, की इंजिन असो, डबा असो वा वाघीण, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. मग लीड्सच्या किटसन कारखान्यात पाच इंजिने घडवून घेतली. त्यांना ओढणाऱ्या चाकांच्या चार जोड्या आणि मागे आधाराच्या दोन, असे सहा आस. भार सहा ठिकाणी वाटला गेला. वाघिणींना चार-चार आस, म्हणजे मालासकट वीस टनांची वाघीणही रूळ निमूट सोसतो. (आस म्हणजे चाकाचा कणा आणि आस म्हणजे ओढही. कीर्तनकाराला हा शब्द सोडवत नाही, क्षमा असावी.) हा सारा सरंजाम जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ मुद्दाम रूळ घालून जाणकारांना चालवून दाखवला होता. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडातल्याच लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यात त्याने बार्शीच्या धर्तीवर गाडी बांधली. आपल्याकडचे पाहून विलायतेने उचलले, असे उदाहरण विरळाच. ती गाडी १९३४ साली बंद पडली. आपली पुढे साठ-सत्तर वर्षे चालली.

१९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत रूळ आले. दुसऱ्या अंगाला गाडी बार्शीपुढे निघाली, येडशीकडे बालाघाट चढली आणि १९११ मध्ये लातुराला पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात. मराठवाड्यातल्या वारकऱ्याला संस्थानाची हद्द ओलांडून पंढरीला आणणारी ही गाडी झाली. १९२७ साली पंढरपूर ते मिरज जोडले गेले आणि सव्वातीनशे किलोमीटरची ही अडीच फुटी वाट पुरी झाली. यात एक गोष्ट कॅलथ्रॉपच्या गावीही नसेल. पंढरीची एकादशी आणि बार्शीची द्वादशी हे आपले जुने नाते. अंबरीष राजाच्या द्वादशीव्रतासाठी भगवंत बार्शीत उभा राहिला, अशी परंपरा. एकादशीला चंद्रभागेत स्नान करून द्वादशीचे पारणे भगवंताच्या दारी सोडायचे, तर मधली वाट आता गाडीने जोडली होती.

म्हणून ही गाडी पुण्यवान होती असे मात्र मी म्हणणार नाही. कंपनी लंडनची, नफा लंडनला. यात्रेच्या दिवसांत डबे पुरत नसत. माणसे टपावर बसत. मालाच्या वाघिणीत यात्रेकरू कोंबायचे, ही तर त्या काळी देशभरच्या यात्रांची तक्रार होती. कापसाच्या गठ्ठ्याला जेवढी जागा लागते तेवढीही माणसाला मिळत नसे. १९५४ च्या आरंभी सरकारने ही गाडी विकत घेतली.

मी वीणा आणि टाळांची पिशवी घेऊन या गाडीने अनेकदा गेलो. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचे आणि छोटीची वाट पाहत फलाटावर बसायचे. तिथे कोण भेटे? दोन दिवसांची रजा काढून आलेला गिरणीकामगार. कडेवर तान्हे असलेली लेकुरवाळी. गुडघे गेलेला म्हातारा, ज्याने चाळीस वर्षे पायी वारी केली आणि आता घरच्यांनी गाडीत बसवून दिले. त्याला कोणी विचारावे, की बाबा, तुमची वारी घडली का? आणि गाडीला खरी गर्दी होई ती पौर्णिमेचा गोपाळकाला झाल्यावर. आळंदी-देहूहून पायी आलेलेच परतीला तिकीट काढून बसत. पायी चालणाऱ्यांची संख्या गाडीने घटवली नाही. चालू न शकणाऱ्यांना तिने आणले आणि चाललेल्यांना घरच्या पेरणीसाठी वेळेवर पोचवले. हा वाद मला कधीच पटला नाही, तो याच कारणाने.

पुढे एकेक तुकडा करून या मार्गावर मोठे रूळ पडले. लातूरकडची वाट तर नवी आखून उस्मानाबादेवरून, म्हणजे आताच्या धाराशिवावरून नेली. जुन्या गाडीला ते शहर बाजूलाच होते. आता पंढरपूरला मोठी गाडी थेट येते, कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागत नाही. छोट्या गाडीसाठी तिथे उभारलेला कारखाना मात्र राहिला, आणि माथेरानच्या दोन फुटी गाडीची दुरुस्ती घाटाखालून इतक्या दूर त्याच कारखान्यात होत आली आहे.