फॉल्स्टाफची कैफियत

इंग्रजी नाटकांतील पात्रांच्या स्वभावाची सूक्ष्म चिकित्सा करण्याचा जो प्रघात पुढे रूढ झाला, त्याच्या उगमाशी, सरकारी दप्तरांत चाकरी केलेल्या मॉरिस मॉर्गनचा १७७७ सालचा निबंध आहे. श्रूजबरीच्या रणांगणावर मेल्याचे सोंग घेऊन पडणारा आणि संकट टळताच उठून बंडखोर सरदार हॉटस्परच्या प्रेतावर वार करणारा शेक्सपिअरचा स्थूलकाय फॉल्स्टाफ प्रकृतीने भित्रा नव्हेच, अशी कैफियत त्याने, जणू एखाद्या हयात इसमाची वकिली करावी, इतक्या आस्थेने पुराव्यानिशी मांडली. पुढे हॅझलिट व ब्रॅडली हे समीक्षक याच वाटेने गेले. १९३३ साली समीक्षक नाइट्सने, लेडी मॅक्बेथला मुले किती, असा उपरोधिक प्रश्न आपल्या निबंधाच्या मथळ्यातच घालून या पद्धतीवर हल्ला चढविला. नाटक हे प्रथम काव्य होय, हा त्याचा आग्रह रास्तच होता, परंतु मॉर्गनची सहृदयता मला अधिक मोलाची वाटते.