मायक्रोवेव्ह ओव्हन : सुरक्षित वापर

मायक्रोवेव्ह ओव्हन (सूक्ष्मतरंग भट्टी) : विद्युतचुंबकीय लहरींनी अन्न तापवणारे घरगुती उपकरण. दुसऱ्या महायुद्धातील रडार यंत्रणेत वापरल्या गेलेल्या मॅग्नेट्रॉन या नळीतून ते उगम पावले. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंते पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. सुरुवातीची यंत्रे कपाटाएवढी होती. ओट्यावर मावणारा ओव्हन अमाना कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणला.

घरगुती ओव्हनमधील लहरींची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्‌झ व तरंगलांबी सुमारे १२ सेंमी. असते. बदलत्या विद्युत क्षेत्राबरोबर पदार्थातील पाण्याचे रेणू सतत दिशा बदलतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. लहरी पदार्थात दोन-तीन सेंमी.च शिरतात, पुढची उष्णता हळूहळू आत झिरपते. अन्न आतून बाहेर शिजते हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी काही जागी तीव्र, काही जागी क्षीण होतात. फिरती थाळी असते ती यासाठीच. तरीही वाटीतला भात कडेला चटका देतो आणि मध्ये गारच राहतो. मध्येच एकदा ढवळणे आणि शेवटी मिनिटभर थांबणे आवश्यक असते. बाळाच्या दुधाची बाटली यात गरम करू नये : बाटली हाताला कोमट लागते, पण आतले दूध एखाद्या ठिकाणी तोंड पोळण्याइतके तापलेले असू शकते.

लोकांच्या मनात सर्वाधिक भीती किरणांची, आणि नेमकी तीच सर्वांत कमी रास्त. या लहरींत अणूंचे आयनीभवन करण्याइतकी ऊर्जा नसते, त्यामुळे अन्न किरणोत्सर्गी होत नाही. ओव्हन बंद होताच लहरीही संपतात. दारातील जाळीची भोके तरंगलांबीच्या मानाने फार लहान असल्याने लहरी आतच अडतात. दार उघडताच आतले खटके मॅग्नेट्रॉन बंद पाडतात. दार वाकलेले असेल, जाळी फाटली असेल किंवा दार नीट बसत नसेल, तर मात्र दुरुस्तीपर्यंत ओव्हन वापरू नये.

खऱ्या दुखापती होतात त्या गरम पाण्याने आणि वाफेने. गुळगुळीत कपात नुसते पाणी फार वेळ तापवले, तर बुडबुडे धरायला जागा न मिळाल्याने ते १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही शांत दिसते. त्यात चहाची पुडी, साखर किंवा चमचा पडला की क्षणात उसळून हातावर, तोंडावर येते. पाणी बेताचेच तापवावे आणि थोडे थांबून बाहेर काढावे. कवचासह अंडे ठेवू नये. सोललेले उकडलेले अंडेही पुन्हा गरम करताना फुटते, कधी कधी तर दाताखाली. बटाटा, टोमॅटो यांना आधी टोचे मारावेत. घट्ट झाकणाचा डबा किंवा बंद बाटली कधीही ठेवू नये.

भांड्यांविषयी ‘धातू नको’ एवढेच सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. ओव्हनच्या भिंती धातूच्याच असतात. काट्याचे दाते, चुरगळलेला अॅल्युमिनिअमचा कागद, कपाच्या कडेची सोनेरी नक्षी अशा टोकदार व पातळ जागी विद्युत क्षेत्र एकवटते आणि ठिणग्या उडतात. स्टीलच्या डब्यात तर लहरी शिरतच नाहीत. भाजी गार राहते आणि ठिणगीचा धोका वर. हॉटेलातून येणारे चांदीच्या रंगाचे डबे, आतून वर्ख असलेल्या पिशव्या व तारेच्या चिमट्यांनाही हाच नियम लागू. मेलामाइनच्या ताटल्या दिसतात चिनी मातीसारख्या, पण स्वतःच तापून त्यातील रसायने अन्नात उतरू शकतात. आइस्क्रीमचे रिकामे डबे जपून ठेवण्याची आपली सवय चांगली. त्यांत आमटी गरम करण्याची नाही. बोरोसिलिकेट काच आणि नक्षी नसलेली चिनी मातीची भांडी सर्वांत निर्धोक. कन्व्हेक्शन पद्धतीत भट्टीसारखी गरम हवा फिरते, तिथे धातूचा साचा चालतो. ती कळ बदलून पुन्हा मायक्रोवेव्ह सुरू करताना मात्र साचा बाहेर काढावा लागतो.

कोरडे पदार्थही जपून ठेवावेत. पापड एका मिनिटाच्या आत भाजला जातो, पण वेळ जास्त लावली तर मध्यभागी काळा पडून धुमसतो. सुक्या मिरच्या भाजू नयेत; दार उघडताच त्यांचा खाट घरभर पसरतो. ओव्हन रिकामा चालवल्यास लहरी शोषायला काहीच नसते व मॅग्नेट्रॉन बिघडू शकतो.

आत आग लागल्यास दार उघडू नये. आधी ओव्हन बंद करून वीजपुरवठा तोडावा. हवा न मिळाल्याने आग बहुधा आतच विझते. यंत्राचे बाहेरचे आवरण घरी उघडू नये. आतील धारित्रात दोन हजार व्होल्टच्या आसपासचा भार साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो.