भाकरी कोणाची, नाव कोणाचे? : दक्खनच्या शिकारी कुत्र्याचा इतिहास

मराठीत कुत्र्यासाठी शब्दांची वाण नाही. ‘श्वान’ आहे, ‘सारमेय’ आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पणींनी दडवलेल्या गाईंच्या शोधात गेलेल्या सरमेची ती संतती. घरोघरी मोत्या, वाघ्या, खंड्या आहेत, आणि रागाच्या भरात तोंडून निघणारी शिवीही आहे. मात्र मराठवाड्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या शिवारांत जो उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या वावरला, त्याची आपल्या लिखित वाङ्मयाने फारशी दखल घेतलेली नाही. लोक त्याला ‘कारवान’ किंवा ‘कारवानी’ म्हणतात; कानांवर आणि शेपटीवर लांब केस असलेल्या त्याच्या भावंडाला ‘पश्मी’ म्हणतात. जगाला तो ‘मुधोळ हाउंड’ या नावाने ठाऊक आहे, म्हणजे एका संस्थानाच्या नावाने. ज्यांनी या कुत्र्याला शतकानुशतके भाकरी घातली त्यांचे नाव मात्र त्याच्या इतिहासात कोठेच नाही. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम नावांकडे पाहू. ‘कारवान’ हा फारसी शब्द. अर्थ काफिला, तांडा. ‘पश्म’ म्हणजे लोकर. ‘पश्मिना’ त्याच कुळातला. इराण-अफगाणिस्तानकडे अशा कुत्र्यांना ‘ताजी’ म्हणतात, आणि जुन्या मराठीत हाच शब्द अरबी, जातिवंत घोड्यासाठी रूढ होता. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या श्वानप्रेमाचा आणि काबूलकडील, विशेषतः हजारा भागातील, उत्तम कुत्र्यांचा उल्लेख आहे. त्यामुळे व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर आणि पठाण-अरब शिपायांबरोबर ही कुत्री दक्खनेत उतरली, असे सर्रास सांगितले जाते. बहमनी काळापासून दक्खनच्या दरबारांत फारसीचे जे स्थान होते आणि पुढे निजामाच्या राज्यात अरब-रोहिल्यांचा जो राबता होता, तो ध्यानी घेता हे असंभाव्य नाही. परंतु नाव परकीय म्हणून परंपराही परकीय, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. शिकारी कुत्रा पाळण्याची दक्खनी रीत या फारसी नावांहून खूप जुनी आहे.

तिचा एक ठसठशीत पुरावा दगडावर कोरलेला आहे. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातला, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या मध्याचा एक वीरगळ सापडला. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम गाजवणाऱ्या मणलेर नावाच्या वीरास गंग राजा बुतुग ‘काय हवे ते माग’ म्हणाला, तेव्हा त्याने गाव किंवा सोने न मागता राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा मागितला. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना कुत्रा आणि डुक्कर दोघेही मेले. त्या कुत्र्याची स्मृती म्हणून शिळा उभी राहिली, तिच्या पूजेसाठी जमीन नेमून दिली गेली, आणि पूजा केल्यावाचून जो गोरव जेवेल त्याला कुत्र्याचे पाप लागेल, अशी शापवाणीही कोरली गेली. वेरूळचे कैलास लेणे ज्या राजवंशाने कोरविले, त्याच्याच राज्यातली ही गोष्ट.

दुसरा पुरावा ग्रंथाचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (शके १०५१) मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे, तो त्यातील संगीतविषयक भागात आलेल्या आद्य मराठी पदांमुळे. परंतु त्याच ग्रंथात राजाच्या वीस विनोदांमध्ये ‘सारमेयविनोद’ नावाचे प्रकरण आहे. हत्ती, घोडे, कोंबडे, लावे, मेंढे, रेडे, पारवे यांच्या जोडीला कुत्र्यांची निवड आणि शिकार हाही शास्त्राचा विषय मानला गेला. मराठीच्या जन्मकाळाचा शोध घेताना आपण ज्या पोथीची पाने उलटतो, तिच्यातच दक्खनी शिकारी कुत्र्याची लेखी नोंद आहे. आपण मात्र पदे घेतली आणि कुत्रे सोडून दिले.

दगडावर आणि पोथीत जे येते ते राजाचे. राजाश्रयाबाहेरची परंपरा शोधायची तर खंडोबाकडे वळावे लागते. घोड्यावर बसलेला खंडोबा आणि पायाशी कुत्रा, ही मूर्ती धनगरांपासून देशस्थांपर्यंत अनेकांच्या देवघरांत असते. वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो, भंडारा लावतो आणि कोटंब्यात भिक्षा घेतो. कर्नाटकात मैलाराचे गोरवय्या हेच करतात. आतकूरच्या लेखातल्या ‘गोरवा’ची येथे आठवण व्हावी. गुंथर सोंथायमर आणि रा. चिं. ढेरे यांनी या दैवताचा धनगरी पाया उलगडून दाखवला. मेंढपाळाच्या देवाला कुत्रा असणे हे रूपक होण्याआधी साधा व्यवहार होता. वाड्यावर कुत्रा नसेल तर लांडगा कोकरू नेतो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांच्या बरोबरीने कुत्र्यांचे प्रदर्शन भरते. मराठवाड्यात कारवानी आणि पश्मी कुत्र्यांचे कौतुक पाहायचे तर हीच जागा.

आता मुधोळ. आजच्या बागलकोट जिल्ह्यातले हे घोरपड्यांचे मराठी संस्थान. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगुतीने पैदास केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास भेट दिली. तेव्हापासून कुत्र्याला संस्थानाचे नाव चिकटले. मालोजीरावांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांना ही कुत्री दिसली ती रानात शिकार करणाऱ्या बेरडांपाशी, असे परंपरा सांगते. याच बेरडांनी शस्त्रे जमा करण्याच्या इंग्रजी हुकमाविरुद्ध १८५७ च्या अखेरीस मुधोळ संस्थानातील हलगली येथे उठाव केला होता, आणि तो निर्दयपणे मोडून काढण्यात आला. हत्यार गेले तरी कुत्रा राहिला, आणि कदाचित म्हणूनच तो अधिक जपला गेला, असा आमचा तर्क आहे. घोरपडे घराण्याचा इतिहास दत्तात्रेय विष्णु आपटे यांनी १९३४ मध्ये ग्रंथरूपाने सिद्ध केला. बेरडांचा इतिहास मराठीत यायला भीमराव गस्तींच्या ‘बेरड’ या आत्मकथनाची वाट पाहावी लागली.

पारध्यांची कथा याहून वेगळी नाही. फासेपारधी, चित्तेपारधी ही नावेच शिकारीच्या साधनांवरून पडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा समाजांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये संपला, शिक्का पुसला गेला नाही. शिकारी कुत्रा राजाच्या हाती असला की तो शौक ठरतो आणि पारध्याच्या पालापुढे असला की संशय. प्राणी तोच, माणूस बदलला की त्याच्या असण्याचा अर्थ बदलतो.

साहित्याने या प्राण्याचे काय केले? रायगडावरच्या वाघ्याचे उदाहरण बोलके आहे. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा राम गणेश गडकऱ्यांच्या अपूर्ण ‘राजसंन्यास’ नाटकाने मराठी मनात रुजवली. १९३६ मध्ये महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचे स्मारक झाले. समकालीन साधनांत या कुत्र्याला आधार नाही. २०१२ मध्ये पुतळा हटवला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ मध्ये तो काढण्याची मागणी पुन्हा झाली. वादाच्या दोन्ही बाजूंना कुत्रा हवा आहे किंवा नको आहे तो प्रतीक म्हणून. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव म्हणजे सर्वाभूती परमेश्वर. हे सारे थोर आहे. पण त्यात कुत्र्याच्या गोचिडी कोणी काढल्या, हे कोठेच येत नाही.

ते जाणून घ्यायचे तर उमापूरसारख्या गावाकडे यावे लागते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले हे गाव. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, शिवारात ज्वारी, बाजरी आणि कापूस. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मोकळ्या माळाचा असा प्रदेश हे या कुत्र्याचे खरे घर, कारण तो वासावर नव्हे, नजरेवर धावतो. डोळ्यांना लांबवर हालचाल दिसावी आणि मध्ये आडोसा नसावा, एवढीच त्याची गरज. खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट, लांब पाय, खांद्याशी उंची साधारण पासष्ट ते बहात्तर सेंटिमीटर.

या देहाची निगाही त्याच्या घडणीवरून ठरते. अंगावर चरबी नाही म्हणून हाडे टेकतात. गोणपाटाची घडी हवीच, आणि मार्गशीर्ष-पौषातल्या थंडीत पांघरूणही. डोके अरुंद आणि मान बळकट, म्हणून नेहमीचा गळपट्टा सहज निसटतो; पट्टा रुंदच लागतो. छाती खोल असल्याने भरल्या पोटी धावू दिले तर पोटाला पीळ पडून जीव जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी फिरवणे, मग विसावा, मग खाणे. भाकरी-ताकावर मोठा कुत्रा दिवस काढतो, वाढत्या पिल्लाला मात्र दूध, अंडी, मांस यांवाचून बळ येत नाही. या गटातल्या कुत्र्यांवर काही भुलीच्या औषधांचा अंमल जास्त वेळ टिकतो, हे पशुवैद्य जाणतात, पाळणाऱ्यानेही जाणावे. पिसाळण्याच्या रोगाची लस दरवर्षी टोचून घ्यावी, गोचिडी-लूत यांवर नजर ठेवावी. स्वभावाने हा कुत्रा अबोल आणि परक्यांपासून अंतर राखणारा. मारून तो शिकत नाही, बुजतो. आणि कितीही मायाळू असला तरी पळणारे करडू दिसताच त्याचे रक्त त्याला हाक मारते. म्हणून बांधून घालणेही चूक आणि मोकाट सोडणेही चूक. पहाटे आणि तिन्हीसांजेला कोणीतरी त्याच्याबरोबर चालावे लागते.

हे सारे ज्ञान कोणाच्या हाती होते? शेरडे-मेंढरे राखणाऱ्यांच्या आणि चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या. वैश्वदेवाच्या कर्मकांडात कुत्र्याचा वाटा शास्त्राने सांगितला आहे. पण काटवटीतला शेवटचा गोळा थापून ‘ही कुत्र्याची’ म्हणून बाजूला ठेवण्याचे काम कोणत्याही शास्त्राला न विचारता होत आले. उसतोडीला अर्धे गाव सहा महिने बाहेर जाते, तेव्हा मागे राहिलेल्या म्हातारीच्या वाट्याला दारचे कुत्रेही येते. या श्रमाची नोंद ना संस्थानच्या दप्तरात, ना वंशावळीच्या प्रमाणपत्रात.

या कुत्र्याचे जुने जग दोन गोष्टींनी संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, काळवीट यांची शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. माळावरचा काळवीट टिकला तो त्यामुळेच. दुसरी गोष्ट पाण्याची. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, त्याचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे गेला. जेथे माळ होता तेथे ऊस उभा राहिला, आणि उसात नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याला काहीच दिसत नाही. ज्या कामासाठी हा देह घडला ते काम आज बेकायदा आहे, आणि ज्या भूमीवर घडला ती भूमी बुजली आहे. त्याची खरी शोकांतिका असेल तर ती ही.

सन्मान मात्र याच काळात वाढले. जानेवारी २००५ मध्ये टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे संशोधन केंद्र झाले. २०१६ मध्ये मेरठला लष्कराने प्रशिक्षणासाठी पिल्ले नेली. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतले. नाव झाले तशी बाजारपेठ झाली. पिल्लू शहरातल्या सदनिकेत पोचते, आणि धावायला जागा नाही म्हणून फर्निचर कुरतडू लागले की त्याच्यावर ‘खोडकर’ असा शिक्का बसतो. विकणारा निगेची माहिती देत नाही, कारण ती त्याला ठाऊक नसते; ज्याला ठाऊक असते त्याला कोणी विचारत नाही.

या ठिकाणी साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना काम आहे, असे आम्हांस वाटते. कुत्र्याला बोलावण्याच्या हाका, धावण्याच्या तऱ्हांना असलेली नावे, दुखण्यांचे आणि उपायांचे शब्द, चांगल्या पिल्लाच्या खुणा हा सारा शब्दसंग्रह धनगर, पारधी आणि शेतकरी घरांतल्या वृद्धांच्या तोंडी आहे. ‘उपरा’, ‘उचल्या’ यांनी मराठीला ज्या वस्त्या दाखवल्या त्यांच्या दाराशी हा कुत्राही बसलेला होता. बोलीचे सर्वेक्षण करायला निघालेल्या विद्यार्थ्याने प्रश्नावलीत एक पान यासाठी ठेवावे, आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने त्या पानावर लिहावे. ज्यांच्या हातची भाकरी हा कुत्रा खात आला, त्यांची नावे निदान यापुढे तरी कागदावर यावीत.