पत्ता कोणाच्या नावावर?

१/ १९९४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या जिओसिटीजमध्ये संकेतस्थळांच्या ‘वसाहती’ असत. छोट्या व्यवसायांची वसाहत होती ‘युरेका’.

२/ जागा फुकट मिळे. पत्ता मात्र जिओसिटीजचाच असे. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतील सेवा बंद केली. इंटरनेट अर्काइव्हने बरीच पाने जतन केली. जुने पत्ते मात्र निकामी झाले.

३/ वेब डेव्हलपर निवडतानाही हाच धोका संभवतो. म्हणून छोट्या व्यावसायिकाने दर आणि देखणेपणाआधी विचारावे: डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर? फाइली व पासवर्ड कोणाच्या हाती? कारागीर बदलता येतो. पत्ता गमावला, तर जुने गिऱ्हाईक बंद दारावरून परतते.