धान्याविना न्याहारी : पोखर्णी परिसरातील बियांच्या आहाराचा इतिहास

परभणी आणि गंगाखेड यांच्या दरम्यान, गोदावरीच्या खोऱ्यात वसलेले पोखर्णी हे गाव महाराष्ट्रात नृसिंहाच्या देवस्थानामुळे ओळखले जाते. या परिसरातील आहाराचा इतिहास बहुधा ज्वारीच्या भाकरीभोवती सांगितला जातो आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारीचे जे स्थान राहिले ते पाहता यात वावगे काही नाही. तथापि भाकरीच्या शेजारी तीळ, जवस, कारळे, करडई, आळीव आणि राजगिरा या बियांची एक स्वतंत्र परंपरा येथे दीर्घकाळ नांदली असून, आधी करून ठेवता येणारी आणि धान्य वर्ज्य असलेली न्याहारी ही तिचीच एक शाखा आहे. ही शाखा दोन आधारांवर वाढली: शेताने बिया पुरवल्या आणि व्रताने काही दिवस धान्य बाजूला ठेवण्याची शिस्त लावली. यांपैकी शेताचा आधार गेल्या काही दशकांत खचला आहे, आणि या आहाराचे आजचे स्वरूप समजून घ्यायचे तर प्रथम तोच इतिहास पाहावा लागतो.

येथे ‘धान्य’ या संज्ञेची व्याप्ती स्पष्ट करणे आवश्यक आहे. गवताच्या कुळातील ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांना तृणधान्ये म्हणतात, शेंगांतून मिळणाऱ्या तूर, मूग, हरभरा यांना कडधान्ये, तर ज्यांच्या बियांतून तेल निघते त्या तीळ, जवस, करडई यांसारख्या पिकांना गळिताची धान्ये किंवा तेलबिया म्हटले जाते. राजगिरा यांपैकी कशातच बसत नाही, कारण त्याचे दाणे पिठासाठी व लाह्यांसाठी वापरले जात असले तरी तो माठाच्या भाजीच्या कुळातला आहे आणि म्हणून वनस्पतिशास्त्रात त्याला छद्मतृणधान्य, म्हणजे गवताच्या कुळाबाहेरचे पण धान्यासारखे वापरले जाणारे पीक, असे मानतात. उपवासाचा आचार मात्र या वर्गीकरणावर चालत नाही, कारण मराठवाड्यात उपवासाला सर्रास शिजवली जाणारी भगर गवताच्याच कुळातली असूनही ती धान्यात मोजली जात नाही.

बियांचा इतिहास धान्यांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. तिळाची लागवड भारतीय उपखंडातच सुरू झाली असे आज सामान्यतः मानले जाते आणि हडप्पा येथील उत्खननात जळालेल्या तिळाचे अवशेष मिळाले आहेत. जवस पश्चिम आशियातून भारतात आला, आणि नर्मदाकाठच्या नावडातोली येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत, म्हणजे तांब्याची व दगडाची हत्यारे एकाच वेळी वापरात असलेल्या काळातील वस्तीत, त्याचे दाणे सापडल्यामुळे तो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या भागात पोहोचला होता हे निश्चित होते. कारळ्याचे मूळ इथिओपियाच्या पठारावर आहे, तर करडई पश्चिम आशियात प्रथम लागवडीखाली आली आणि आरंभी तिची ख्याती तेलापेक्षा फुलांपासून मिळणाऱ्या रंगासाठी अधिक होती. दूरदूरच्या प्रदेशांतून आलेली ही पिके दख्खनमध्ये टिकली, याचे कारण बेसाल्ट खडकापासून बनलेल्या येथील काळ्या जमिनीच्या गुणात आहे. पावसाळ्यात मुरलेला ओलावा ही जमीन महिनोन्‌महिने धरून ठेवते आणि करडईसारखे खोल मुळाचे पीक त्या ओलाव्यावर पुढचा पाऊस नसतानाही पोसले जाते.

या पिकांभोवती व्यवसायही लवकर संघटित झाला. नाशिकच्या लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, शिलालेखात तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातील कारागिरांची संघटना. आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी दिलेली रक्कम ज्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून सोपवली गेली, त्यांत ही श्रेणी होती. ज्या संघटनेकडे धर्मादायाचा पैसा विश्वासाने ठेवला जात असे, तिचा धंदा स्थिर व पत असलेला असला पाहिजे, आणि त्या धंद्याला पुरेल इतके तेलबियांचे पीक दख्खनमध्ये नियमितपणे येत असले पाहिजे, हे यावरून उघड होते. पुढील काळात हेच काम गावोगावच्या तेलघाण्यांनी चालू ठेवले. घाण्यातून तेल घरात येई, पेंड जनावरांना मिळे आणि निवडून ठेवलेले दाणे स्वयंपाकघरासाठी राखले जात.

शेतातील मांडणीतही बियांची जागा ठरलेली होती. रब्बी ज्वारीच्या ओळींमध्ये करडईच्या काही ओळी आंतरपीक म्हणून पेरल्या जात आणि करडई काटेरी असल्यामुळे धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने तिचे पट्टे लावले की मोकाट जनावरांपासून आतल्या पिकाचे रक्षण होई. जवस हरभऱ्याच्या सोबतीने येई, तर तीळ खरिपात कापूस, मूग किंवा तुरीच्या जोडीला पेरला जाई. अशा मिश्र शेतीत बियांचे पीक मुख्य पिकाच्या तुलनेत थोडे असले तरी ते प्रत्येक घरात येत असे. ते विकत आणावे लागत नव्हते, म्हणूनच ते रोजच्या खाण्यात मुरले. जवसाची, तिळाची, कारळ्याची चटणी ही या मिश्र शेतीचीच निष्पत्ती आहे.

व्रताचा आधार याहून वेगळ्या मार्गाने आला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा ग्रंथ रचला आणि त्याच्या व्रतखंडात तिथीनुसार करावयाच्या व्रतांचा प्रचंड संग्रह केला; गोदावरीकाठचा हा प्रदेश तेव्हा यादवांच्याच राज्यात होता. धर्मशास्त्रातील जुन्या संकेतानुसार पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि हविष्य यांमुळे व्रत भंग होत नाही. हविष्य म्हणजे यज्ञात अर्पण करण्यास योग्य असे अन्न, आणि त्यात तीळ जसे येतात तसेच तांदूळ व जवही येतात. यावरून असे दिसते की सरसकट सर्व व्रतांत धान्य निषिद्ध नव्हते. एकादशीसारख्या तिथींना मात्र अन्नाचाच निषेध सांगितला होता, आणि ज्यांना निराहार राहणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी फलाहाराची सवलत होती. या सवलतीतूनच घरोघरच्या आचारात धान्याविना खाण्याचा एक स्वतंत्र विस्तार घडला.

पोखर्णीच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा दिवस नृसिंहजयंतीचा आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला येणारे हे व्रत भर उन्हाळ्यात असते आणि नृसिंहाचा अवतार दिवस मावळताना झाला अशी श्रद्धा असल्यामुळे उपवासाचा भर सायंकाळच्या पूजेपर्यंत राहतो. दर्शनासाठी दुरून येणाऱ्या माणसाला अशा दिवशी आदल्या दिवशीच तयार केलेली, उन्हात न नासणारी आणि थोडी खाल्ली तरी आधार देणारी शिदोरी लागते. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याचा गुळातला लाडू, आणि ज्या घरच्या आचारात तीळ चालतो तेथे तिळाचा लाडू, हे पदार्थ ही गरज नेमकी भागवतात.

यांतील राजगिरा व शेंगदाणा मूळचे दख्खनचे नाहीत. दाण्यांसाठी पिकवल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या जाती मध्य व दक्षिण अमेरिकेतील असून मेक्सिकोच्या अझ्टेक समाजात हे पीक आहाराचा तसेच धार्मिक विधींचा भाग होते. त्याच्या पिठाच्या देवप्रतिमा करून त्यांचा प्रसाद वाटण्याची प्रथा स्पॅनिश विजेत्यांना आपल्या धर्माची विटंबना वाटली आणि १५२१ मध्ये अझ्टेक सत्ता कोसळल्यानंतर ती दडपण्यात आली. लाह्या फोडून गोड पाकात वळण्याचा प्रकार मेक्सिकोत आजही चालतो आणि मराठी घरातील राजगिऱ्याचा लाडू त्याचाच सख्खा भाऊ शोभतो. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतून आला, आणि साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो टॅपिओकाही तिकडचाच. सेलम येथे १९४० च्या दशकात साबुदाण्याचे उत्पादन वाढल्यानंतर तो सामान्य घरांना सहज मिळू लागला. धान्यांची जुनी यादी निषेधात अडकली असताना, त्या यादीत नाव नसलेल्या या नवागतांना उपवासाच्या ताटात सहज प्रवेश मिळाला, असे या घटनाक्रमाचे स्पष्टीकरण देता येते.

हे पदार्थ टिकतात ते करण्याच्या रीतीमुळे. राजगिऱ्याचे दाणे कडकडीत तापलेल्या कढईत एका वेळी थोडेच टाकून फडक्याच्या बोळ्याने फिरवले म्हणजे ते न करपता फुलतात, आणि गुळाच्या पक्क्या पाकात त्या लाह्या वळल्या की त्यांत ओलावा फारसा उरत नाही. तीळ मंद आचेवर भाजले जातात, तर जवस तडतडेपर्यंत भाजून मगच कुटतात. अख्खा जवस बराच काळ चांगला राहतो, परंतु कुटल्यावर त्यातील तेल हवेशी संपर्क येऊन लवकर खवट होते, आणि म्हणूनच दाणे साठवायचे व कूट लागेल तसे करायचे ही घरातील रीत पडली. जवसात सुमारे ४० टक्के व तिळात सुमारे ५० टक्के तेल असते. मूठभर बियांनी भूक बराच वेळ दूर राहते ती त्यांतील या तेलामुळे व प्रथिनांमुळे.

आळीव हा याच परंपरेतील वेगळ्या प्रकारचा घटक आहे. भावमिश्राच्या सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात चंद्रशूर या नावाने आलेले हे बी पाण्यात किंवा दुधात घातले की त्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होऊन ते फुगते. रात्री भिजवून सकाळी दूध व गूळ घालून केलेली आळिवाची खीर बाळंतिणीला देण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. शहरांत अलीकडे चिया नावाचे मेक्सिकन बी रात्रभर भिजवून सकाळी खाल्ले जाते. त्यामागचे तंत्र आणि आळिवाच्या खिरीमागचे तंत्र एकच आहे.

स्वयंपाकघरातील ही रीत टिकली, पण तिच्यामागचे शेत बदलले. निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली, आणि परभणीसारख्या ठिकाणांचा माल दूरच्या बाजाराशी जोडला गेला. १९८६ च्या तेलबिया अभियानाने काही वर्षे उत्पादन वाढवले. मात्र १९९० च्या दशकात आयात पामतेल स्वस्त झाले आणि त्याच सुमारास मराठवाड्याच्या खरिपात सोयाबीन पसरले. सोयाबीनही गळिताचेच पीक असले तरी ते सलग पेरले जाते आणि सगळे बाजारात जाते. घरच्या बरणीत राखून ठेवावे असे ते बी नाही. मजुरीचा प्रश्नही होताच, कारण तिळाची बोंडे पूर्ण वाळली की फुटून दाणे सांडतात म्हणून कापणीची वेळ साधावी लागते, आणि करडईची काढणी काटे दवाने मऊ असताना पहाटे उरकावी लागते. १८ मे १९७२ रोजी परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, याच अडचणीवर उत्तर म्हणून करडईचे बिनकाट्यांचे वाण विकसित केले आणि ‘परभणी कुसुम’ सारखे अधिक उत्पन्न देणारे वाणही शेतकऱ्यांच्या हाती दिले.

या सर्व इतिहासाचा अर्थ असा की धान्याविना न्याहारी ही पोखर्णी परिसराला बाहेरून शिकावी लागणारी गोष्ट नाही. व्रताचा नेम पुष्कळ घरांत चालू आहे, भाजण्या-वळण्याचे कौशल्य हातांत आहे, आणि बियांचे गुण आता आहारशास्त्रही मान्य करते. उणीव आहे ती धुऱ्यावरच्या त्या चार ओळींची, ज्यांच्यामुळे तीळ, जवस आणि करडई प्रत्येक घराच्या स्वतःच्या होत्या. बाजारातून पुडीने आणलेल्या बिया सधन घरांची न्याहारी सजवतील, पण हा आहार पुन्हा सर्वांचा व्हायचा असेल तर मिश्र पिकाची ती पद्धत परत आणावी लागेल, आणि जमीन, वाण व संशोधन संस्था या तिन्ही गोष्टी परभणी जिल्ह्यात आजही उपलब्ध आहेत.